डबाभर कोरडी माती

आमच्या अब्बांचा आयुष्यभर दोन गोष्टींवर विश्वास बसला नाही. एक, दुसऱ्या मिस्त्रीनं नवी तार गुंडाळून भरलेली मोटर. आणि दोन, स्वतः केलेला वुजू. दुसऱ्यानं भरलेली मोटर ते खोलून पुन्हा भरत. वुजू खोलता येत नाही, म्हणून तो पुन्हा करत.

वुजू म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याची शिस्त. मनगटापर्यंत हात, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत दोन्ही हात, डोक्यावरून ओला हात आणि शेवटी घोट्यापर्यंत पाय, बोटांच्या बेचक्यांसकट. सवयीच्या माणसाला याला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही. अब्बांना लागायचा तेवढ्यात अम्मीच्या भाकरी थापून, भाजून, फडक्यात गुंडाळून व्हायच्या. ते पायांपर्यंत यायचे आणि त्यांना शंका यायची की डावं कोपर कोरडंच राहिलं. मग पुन्हा कोपर. कोपर झालं की वाटायचं, आता क्रम चुकला. मग पुन्हा पहिल्यापासून.

आम्ही पारोळ्याचे. आमच्याकडे नळाला पाणी रुसलेल्या जावयासारखं येतं, कधी येईल ते सांगत नाही आणि आलं की सगळ्या गल्लीची धावपळ. अम्मी ड्रम, हंडे, पातेली, दिसेल ते भरून ठेवायची आणि अब्बा ते बधन्या-बधन्यानं मोरीत सोडून द्यायचे. बधना म्हणजे आमच्या घरचा तोटीचा लोटा. नदीकाठी बसलात तरी पाणी उधळू नका अशी शिकवण आहे, आणि हा माणूस ड्रमाकाठी बसून नदी उधळतो, असं अम्मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. स्वयंपाकघरातून ती हाक मारायची, "हुआ क्या जी?" मोरीतून उत्तर यायचं, "हो रहा, हो रहा." एकदा यांच्या तोंडून 'हो गया' ऐकू दे, मग मी सुखानं डोळे मिटेन, हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. ते न ऐकताच ती गेली.

हिवाळ्यात तर तमाशाच. गार पाणी अब्बांनाही झोंबायचं, म्हणून दुपार कलल्यावरचा वुजू रात्रीच्या नमाजापर्यंत टिकवायचा त्यांचा बेत असे. आता टेकून झोप लागली की वुजू मोडतो. नुसतं ताठ बसून डुलकी लागली तर आमच्या मौलानांच्या म्हणण्याप्रमाणे मोडत नाही. त्यामुळे अब्बा ओट्यावर खांबासारखे ताठ बसून घोरायचे. भिंत वीतभर मागे, पण टेकणार नाहीत. आम्ही भावंडं हळूच त्यांच्या पाठीमागे उशी सरकवायचो. मग त्यांना जाग यायची, उशी दिसायची आणि ते न बोलता मोरीकडे चालू लागायचे. अम्मी आम्हांला लाटणं घेऊन शोधायची, कारण पाणी तिचं जायचं.

अम्मी गेल्यावर मी त्यांना जळगावला माझ्या फ्लॅटवर आणलं. मी शाळेत मराठी शिकवते, नवरा कामानिमित्त बाहेरगावी असतो. माझ्याकडे पाण्याची ददात नव्हती. वर टाकी, खाली बोअर, नळ फिरवला की धार. इथेच माझं चुकलं म्हणायचं. पारोळ्यात ड्रमचा तळ दिसला की नाइलाजानं का होईना वुजू संपायचा. माझ्याकडे तळच नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या हातांना भेगा पडल्या, पायांच्या बेचक्या कुजल्यासारख्या पांढऱ्या झाल्या, आणि उजव्या अंगठ्याखाली जखम झाली. शुगर आधीपासून होतीच. डॉक्टरांनी त्यांचे हात उलटेपालटे करून बघितले आणि विचारलं, "बाबा, हॉटेलात भांडी घासता का?"

अब्बांना हे फार लागलं. अर्ध्या तालुक्याच्या विहिरींवरच्या मोटरी ज्यानं भरल्या, त्याला भांडी घासता का विचारायचं! मीच सांगितलं की आमचे वडील फार स्वच्छ आहेत.

डॉक्टर हसले नाहीत. दोन्ही हातांना मनगटाच्या वरपर्यंत आणि दोन्ही पायांना पट्ट्या बांधल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाण्याचा थेंब लागता कामा नये. हातांचं निभेल. पायाची जखम अशीच ओली राहिली तर अंगठा काढावा लागेल. आणि काम अंगठ्यावर थांबेल असं मी सांगत नाही."

मी घाबरले. खूप घाबरले. आमच्या गल्लीत शुगरनं पाय गेलेली माणसं मी पाहिली होती. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघा. खुर्चीत बसून रस्ता बघणारे अब्बा मला डोळ्यांपुढे दिसायला लागले.

तसा धर्मात मार्ग आहे, आणि तो पोरासोरांनाही ठाऊक असतो. पाणी नसेल किंवा पाण्यानं अपाय होणार असेल तर तयम्मुम करायचं. स्वच्छ कोरड्या मातीवर तळहात टेकवायचे, धूळ झटकायची, चेहऱ्यावरून हात फिरवायचे. पुन्हा टेकवायचे आणि कोपरापर्यंत हातांवरून फिरवायचे. संपलं. मी मौलानांना फोन करून खात्री करून घेतली. ते म्हणाले, हातपाय दोन्ही बांधलेले असताना हेच करायचं, उलट पाणी घेतलं तर चूक, आणि हाताला पट्टी आहे तर मुलीनं आपल्या हातानं केलं तरी चालेल, नियत, म्हणजे मनातला संकल्प, तेवढी त्यांची हवी.

अब्बांना हे पटलं नाही. "वो मुसाफिरों का है बेटी, रेगिस्तानवालों का. अपने घर में नल है."

दुसऱ्याच दिवशी पहाटे मला नळाचा आवाज आला. जाऊन बघते तर अब्बा न्हाणीघरात स्टुलावर बसलेले, दोन्ही पायांना भाजीच्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या, आणि उजव्या पायाच्या पिशवीत पाणी असं भरलेलं की आत मासा सोडावा. पट्टी चिंब. डॉक्टरांनी नवी पट्टी बांधली आणि त्या वेळी अब्बांना नाही, मला झापलं.

मग मी न्हाणीघराचा कॉक बंद केला आणि त्याची मूठ काढून माझ्या पर्समध्ये टाकली. मोटर मिस्त्रीच्या घरात जन्मलेल्या मुलीला एवढी अक्कल हवी होती. त्यांनी दोन बांधलेल्या पंजांत पक्कड धरून कॉक फिरवला. मग मी पक्कड लपवली, तर पिण्याच्या पाण्याची बाटली गायब. शाळेत मी तासाला शिकवत असायची आणि मन घरी नळापाशी. घरी आले की पहिलं काम म्हणजे बापाच्या पायाच्या पट्ट्या चाचपणं. त्या ओल्या लागल्या की माझं डोकं फिरायचं.

एकदा मी ओरडलेच. "अब्बा, पाय गेला तर सजद्यात कपाळ कसं टेकाल?"

ते बांधलेल्या पंजानं पायाची पट्टी चाचपायला लागले. मग म्हणाले, "पानी लगाए बगैर खड़ा रहूँ तो लगता नहीं कि मुझे अंदर बुलाया. दरवाजे पर ही खड़ा हूँ, ऐसा लगता है."

माझा राग मात्र तसाच होता. त्यांनी मग वकिली मुद्दा काढला. तयम्मुम करतो, पण माती कुठाय तुझ्या घरात?

आणि खरोखरच नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचं घर. फरशी चकचकीत, भिंतींना ऑइल पेंट. बाल्कनीतल्या कुंड्यांत नारळाचा भुसा आणि गांडूळखत, त्याला माती म्हणणं धाडसाचं. खाली पार्किंगमध्ये सिमेंटचे ब्लॉक आणि त्यांवर कुत्र्यांचा रोजचा कार्यक्रम. दगडही चालतो, असं मौलाना म्हणाले होते, तर अब्बांनी ओट्याच्या कडप्प्यावर नाक नेलं आणि "इस पे तेल का हाथ है" म्हणून निकाल दिला. खानदेशात राहून मला पसाभर माती मिळेना.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये अक्का राहतात. पारोळ्याजवळच्या खेड्यातल्या, घरची कपाशी, मुलाची इथे नोकरी म्हणून इथे आलेल्या. फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमत नाही, दर आठवड्याला एसटीनं शेतात जाऊन येतात. त्यांच्या विहिरीवरची मोटर वर्षानुवर्षं अब्बांनीच भरलेली, त्यामुळे जिन्यात पहिल्यांदा भेट झाली तेव्हा दोघांनी मोटरीची खुशाली आधी विचारली आणि माणसांची नंतर. माझा आरडाओरडा ऐकून त्या दारात आल्या आणि त्यांच्या अहिराणीत विचारलं,

"काय वं माय, भाऊना पायले काय व्हयनं?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी हातवारे करून मला गप्प केलं. "माटी पाहिजे? इतलंच ना? मना वावरमा माटी काय कमी शे का!"

दोन-तीन दिवसांनी त्या आल्या त्या तुपाचा रिकामा डबा छातीशी धरून. डबा घासूनपुसून लखलखीत, वर पांढरं फडकं बांधलेलं. प्रसाद आणावा तसा त्यांनी तो अब्बांसमोर ठेवला. आत माती, अशी मऊ की भाकरीचं पीठ वाटावं. मला इतका आनंद झाला की मी त्यांचे हातच धरले. आता अब्बांच्या वकिलीला जागा उरली नव्हती.

"हीरना काठनी माटी शे भाऊ," अक्का म्हणाल्या. "चाळनीघाई चाळी, ऊनमा वाळवी. आन देवना कामले शे म्हनीसन वरथीन गोमूत्र बी शिंपडं. आते एकदम सोवळी शे."

मी अक्कांचे हात धरलेलेच होते, ते सोडावेत की नाही कळेना. आमच्याकडे मूत्र म्हटलं की नापाक, कुणाचंही असो. म्हणजे त्या बाईनं जिवापाड मेहनत करून जे शेवटचं चार थेंब प्रेम शिंपडलं होतं, नेमकं त्यानंच सगळा डबा बाद झाला होता. मी अब्बांना डोळ्यांनी खुणावत होते, घ्या ठेवून, काही बोलू नका, मी करते काहीतरी. पण माझे वडील कोपर कोरडं राहिलं की नाही याबद्दल स्वतःशी खोटं बोलू न शकणारे. ते अक्कांशी कुठून खोटं बोलणार?

"अक्का," ते हळू म्हणाले, "तुम्ही इतली मेहनत करी. पन आमनामा मूत लागनं का माटी पाक ऱ्हास नही. मंग ते गायनं असो का राजानं."

अक्का आधी अब्बांकडे बघत राहिल्या, मग डब्याकडे. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

"हात मना करमना! मी सोवळी करी, आन तुम्ही म्हनतस बाटी गई!"

अब्बाही हसले. पट्ट्या बांधल्यापासून पहिल्यांदा. दोघं म्हातारे डब्याच्या दोन बाजूंना बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते आणि मी एकटी भुवया चढवून उभी. हसणं ओसरलं. अक्का बांगड्या मागे-पुढे करत म्हणाल्या, "भाऊ, एक सांगू का? राग नका धरा. तुम्ही मोटर भराले येत, हीरवर हातपाय धोयेत, नमाज पढेत. तुम्ही गयात का मनी सासू तठे गोमूत्र शिंपडे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या सासूला मरून कैक वर्षं झालेली, तरी मला वाटलं हिला आत्ता जाऊन विचारावं. ज्या माणसानं भर उन्हात विहिरीत उतरून तुमच्या पिकाला पाणी वर आणलं, तो उठला की त्याची जागा पवित्र करायची? मी तोंड उघडणार तेवढ्यात अब्बा बोलले.

"माले मालूम व्हतं."

"मालूम व्हतं? मंग?"

"मंग काय? मी पुन्हा उनू का पहिले ती जागा धोई काढू, आन मंग वुजू करू. म्हनीसनच माले टाइम लागे."

अक्कांनी डोळे मोठे केले. "म्हनजे ती तुम्हना मांगे, आन तुम्ही तिना मांगे! हीरनं पानी फुकट खपनं ना भाऊ!"

पुन्हा हसणं. आता मलाही आवरेना. पण हसता हसता माझ्या मनात काहीतरी अडकलं. दर वेळी आपण जिथे बसतो ती जागा कुणीतरी शुद्ध करून घेतं, हे ज्या माणसाला ठाऊक आहे, त्याचा हात एकदा धुऊन कसा थांबेल? कदाचित त्याचा याच्याशी काही संबंध नसेलही. अब्बा स्वभावानंच संशयी, मोटरीच्या बाबतीतही. मी त्यांना त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला विचारलं, राग नाही आला कधी त्या म्हातारीचा? ते म्हणाले, आला की. पण तिनं कधी ताक प्यायल्याशिवाय जाऊ दिलं नाही. लोटा वेगळा असायचा, एवढंच. मला तो वेगळा लोटा सहन होत नव्हता. त्यांना ताक आठवत होतं.

माती पुन्हा आणायची ठरली. या खेपेला अब्बांनी मला सोबत धाडलं. "तू साथ जा. नहीं तो आरती करके लाएगी."

रविवारी अक्का आणि मी एसटीनं एरंडोल मागे टाकून पारोळ्याच्या अलीकडे उतरलो आणि बांधाबांधानं विहिरीवर गेलो. काठाला एक पसरट दगड होता, मध्यभागी जरा खोलगट झिजलेला. अक्का म्हणाल्या, भाऊ याच्यावर बसायचे. मी त्या दगडावर बसून बघितलं. पाय बरोबर जिथे टेकतात तिथून पाणी वाहून जायला एक बारीक चर पडला होता, तो थेट लिंबाच्या बुंध्याशी गेला होता. झाड मात्र काय फोफावलेलं! दोन दोन धर्मांचं पाणी पीत होतं ते.

अक्कांनी गाय आधीच लांब खुंटाला बांधायला लावली होती. दगडापासून दूर, उंचवट्यावरची कोरडी माती मी माझ्या हातानं उकरली, माझ्या घरच्या चाळणीनं चाळली. डबा भरल्यावर अक्कांचा हात सवयीनं कमरेच्या पिशवीकडे जायला लागला. मी डोळे वटारले. "हळद-कुंकू नही वं," त्या म्हणाल्या, "तंबाखू शे." आणि मळायला लागल्या.

ही माती कामी आली आणि पुढे जखम भरली, पाय वाचला, अंगठाही जागेवर आहे, हे आत्ताच सांगून टाकते. डॉक्टर म्हणाले औषधाला गुण आला. मी म्हटलं, हो. पण त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा हे काहीच ठाऊक नव्हतं. सकाळची पट्टी पुन्हा दमट लागली होती, आणि पुढच्या तपासणीला काय निघेल ते सांगता येत नव्हतं.

मी डबा अब्बांसमोर ठेवला. त्यांनी चौकशी सुरू केली. गाय कुठे होती? लांब. वारा कुठून होता? अब्बा! शेजारी कुणाचं खत पडलं होतं का? दारात अक्का उभ्या होत्या, त्यांच्यानं राहवलं नाही. "भाऊ, तठे बसीसन तुम्ही इतला साल नमाज पढनात. तीच माटी शे. तिले नही वळखत का?"

अब्बांनी बांधलेला पंजा डब्यावर धरला, जसं गरम मोटरीवर धरायचे, आणि मान हलवली.

मी त्यांच्यासमोर मांडी घातली. त्यांनी मनात नियत केली, ओठ हलले. मी दोन्ही तळहात मातीवर टेकवले, एकमेकांवर आपटून धूळ झटकली आणि त्यांच्या चेहऱ्यावरून फिरवले. कपाळ, मिटलेले डोळे, गाल, दाढी. मी एवढी मोठी झाले, पण वडिलांच्या चेहऱ्याला असा हात कधी लावला नव्हता. त्यांचे गाल किती आत गेले होते, ते माझ्या हातांना कळलं. पुन्हा माती, आणि मग कोपरापर्यंत दोन्ही हात, पट्ट्यांवरून. डाव्या कोपरापाशी माझा हात आपोआप थांबला. मी वाट बघत होते, की आता म्हणतील, वहाँ नहीं लगा. पुन्हा कर. बाहेर न्हाणीघरातला नळ कॉक बंद असूनही कधीचा ठिबकत होता आणि तेवढाच आवाज होता.

अब्बांनी डोळे उघडले. आधी कोपराकडे पाहिलं, मग माझ्या मातीच्या हातांकडे.

"क्या भाऊ," अक्कांनी दारातून आमच्या भाषेत विचारलं, "हुआ क्या?"

हे शब्द त्यांना कुणी शिकवले नव्हते. दारापलीकडून रोज ऐकून आले असतील, कारण अम्मी गेल्यापासून ती हाक मीच मारत होते.

"हो गया," अब्बा म्हणाले, आणि नमाजाला उभे राहिले.

मी तिथेच बसून राहिले. माझे हात मातीनं भरलेले होते, आणि डोळे पुसायला दुसरं काही जवळ नव्हतं.